बंगल्यातल्या तळ्याची निगा : एका वार्षिक कराराचे परीक्षण

पुण्यात बंगल्याच्या अंगणात छोटे तळे बांधून देणारे पुष्कळ आहेत. ते पुढे सांभाळणारे मात्र शोधावे लागतात. बहुतेक ठिकाणी हे काम माळ्याच्या गळ्यात पडते, नाहीतर पाण्याच्या टाक्या धुणाऱ्यांना बोलावले जाते, आणि टाकी धुणारा माणूस तळेही टाकीसारखेच उपसतो, घासतो आणि नळाच्या पाण्याने भरून मोकळा होतो. गेले वर्षभर आम्ही ज्या संस्थेची सेवा घेत आहोत, तिचा सर्वांत मोठा गुण हाच की तिची माणसे तळे रिकामे करत नाहीत.

आमचे तळे दहा फूट लांब, सहा फूट रुंद आणि दोन फूट खोल, म्हणजे सुमारे ३,४०० लिटरचे आहे. त्यात गोल्डफिश आणि गप्पी मासे, कुंड्यांत लावलेल्या कुमुदिनी आणि एका कडेला दगडांवरून पाणी पाडणारे कारंजे आहे. पाणी फिरवण्यासाठी सबमर्सिबल पंप, स्पंज व बायो-बॉलचा (जिवाणूंना वाढायला जागा देणाऱ्या प्लॅस्टिकच्या जाळीदार गोळ्यांचा) फिल्टर आणि पाण्यात तरंगणारे शेवाळ मारणारा यूव्ही म्हणजे अतिनील किरणांचा दिवा आहे. महिन्यातून दोन भेटींचे २,४०० रुपये पडतात. सुटे भाग वेगळे.

येणारा कारागीर आधी मेन स्विच बंद करतो आणि मगच पाण्यात हात घालतो, ही गोष्ट साधी वाटली तरी सगळेच ती पाळतात असे नाही. पडलेली पाने जाळीने काढून, पंपाच्या तोंडाशी अडकलेला कचरा सोडवून तो फिल्टर उघडतो. स्पंज धुण्यासाठी तो तळ्यातलेच पाणी बादलीत घेतो, त्यात स्पंज दोन-तीनदा हलकेच पिळतो आणि निघालेले चहाच्या रंगाचे पाणी जास्वंदीच्या मुळाशी ओततो. स्पंज पांढराशुभ्र होण्याची तो वाट पाहत नाही आणि तेच बरोबर आहे. माशांच्या विष्ठेतून व उरलेल्या खाद्यातून तयार होणाऱ्या अमोनियाचे आधी नायट्राइटमध्ये व पुढे बऱ्याच कमी घातक अशा नायट्रेटमध्ये रूपांतर करणारे जिवाणू याच स्पंजावर वाढतात, आणि नळाच्या पाण्यातील क्लोरीन त्यांचा नाश करते.

त्यानंतर तळाचा गाळ ओढून घेताना पंधरा टक्क्यांच्या आसपास पाणी बाहेर निघते. तेवढेच ताजे पाणी सोडियम थायोसल्फेट घालून क्लोरीनमुक्त केल्यावर भरले जाते. उन्हाळ्यात नुसते आटलेल्या पाण्याइतके पाणी भरत राहिल्यास क्षार साठत जातात, कारण वाफ पाण्याची होते, क्षार मागेच राहतात. आमच्याकडे एप्रिल-मे महिन्यांत बोअरचे पाणी वापरावे लागत असल्याने कारंज्याच्या तोटीवर पांढरा थर धरतो. तोटी काढून लिंबूसत्त्वाच्या पाण्यात भिजवली की तो सुटतो. हे काम करारात लिहिलेले नसताना केले जाते, याची नोंद घ्यायला हवी.

हिरव्या पाण्याच्या बाबतीत या संस्थेची समज विशेष आवडली. अशा पाण्यात मोरचूद, म्हणजे तांब्याचा क्षार, टाकण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. शेवाळ त्याने मरते हे खरे, परंतु मात्रा थोडी चुकली तरी तांबे माशांना व गोगलगायींना बाधते, शिवाय एकदम मेलेले शेवाळ कुजताना पाण्यातला प्राणवायू ओढून घेते. यांनी माशांचे खाद्य निम्म्यावर आणले, निम्मा पृष्ठभाग पानांनी झाकला जाईल इतक्या कुमुदिनी वाढवल्या, आणि वीज वाचावी म्हणून रात्री पंप बंद करणारा आमचा टाइमर काढून टाकला. २० अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, ३० अंशांच्या पाण्यात साडेसातच्या आसपास. त्यात रात्री वनस्पतीही प्राणवायू घेतात, तेव्हा मे महिन्यात पहाटेची वेळच माशांना सर्वांत जड जाते. ४० वॉटचा पंप अखंड चालवल्याने महिन्याला २९ युनिटच्या आसपास वीज लागते, हा खर्च रास्त वाटतो.

आता उणिवा. नेहमीचा कारागीर गावी गेला असताना आलेल्या बदली मुलाने स्पंज नळाखाली धुतला. आठवडाभरात पाणी दुधाळ झाले, मासे वर येऊन तोंड उघडू लागले, आणि अमोनिया तपासण्याच्या परीक्षानळीतील पाणी पिवळे राहण्याऐवजी हिरवे झाले, म्हणजे अमोनिया वाढला होता. संस्थेने टाळाटाळ न करता अनुभवी माणूस पाठवला, खाद्य बंद करून एक दिवसाआड थोडे थोडे पाणी बदलले आणि त्याचे पैसे घेतले नाहीत; तरीही बदली माणसाला एवढे प्राथमिक प्रशिक्षण नसावे, हे पटत नाही. दुसरे, जिवाणूंची पूड प्रत्येक बिलात आग्रहाने लावली जाते. नव्या तळ्यात तिचा उपयोग होऊ शकतो, रुळलेल्या तळ्यात ती दर महिन्याला कशासाठी घालायची, याचे समाधानकारक उत्तर मिळाले नाही. यूव्ही दिव्याचेही तसेच : त्याची नळी निळी दिसत राहते, पण वर्षभराने तिचा परिणाम बराच घटलेला असतो, आणि ती बदलण्याची आठवण आम्हालाच करून द्यावी लागली.

डासांबाबत सेवा अर्धवट आहे. गप्पी मासे तळ्यातल्या अळ्या खातात, मात्र फिल्टरच्या झाकणाच्या खोलगट भागात आणि बाजूला रचलेल्या रिकाम्या कुंड्यांत साचलेले पावसाचे पाणी कोणी पाहत नाही. अंड्यापासून डास होण्यास आठ-दहा दिवस पुरतात, तेव्हा पंधरवड्याच्या भेटीवर विसंबता येत नाही आणि ते पाणी आठवड्याला घरच्यांनीच ओतून टाकावे लागते.

पुढील वर्षासाठी आम्ही करार चालू ठेवला आहे, परंतु जिवाणूंची पूड वगळून, यूव्ही नळी बदलण्याचा महिना लेखी नमूद करून, आणि बदली माणूस येणार असल्यास आदल्या दिवशी कळवावे या अटीवर.