रखडलेली कामं आणि कॉर्डलेस ड्रिल: कित्येक महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

घरात वर्षानुवर्षं रखडतं ते काम सहसा मोठं नसतं. मोठ्या कामाला आपण कारागीर बोलावतो, दिवस ठरवतो, सामान आणतो आणि ते पार पाडतो. मागे पडतात ती बारकी कामं. खाली घासणारं दार, एका बाजूनं लोंबणारा पडद्याचा रॉड, आधाराविना जमिनीवर पसरलेला वेल, भोक नसलेली कुंडी. एवढ्याशा कामासाठी कारागीर यायला राजी नसतो, आणि स्वतः करायला घ्यावं तर पाच मिनिटांच्या कामाला तासाभराची तयारी लागते. वायरची मशीन माळ्यावरून काढा, एक्स्टेंशन बोर्ड शोधा, तो बागेपर्यंत पुरतो का बघा, बिट (भोक पाडायचं किंवा स्क्रू फिरवायचं टोक) शोधा. तोवर उत्साह मावळतो. कॉर्डलेस ड्रिल वापरून मला जे समजलं ते हेच: तिनं काम सोपं होतं त्याहून जास्त, कामाला हात घालणं सोपं होतं. रखडलेल्या कामांची यादी हलली ती त्यामुळे.

मशीन कोणती ते आधी सांगतो. १८ व्होल्ट, ब्रशलेस (आत झिजणारे ब्रश नसलेली) मोटर, १३ मिमीचा चक (बिट धरणारा जबडा), दोन गिअर, भिंतीसाठी हॅमरची म्हणजे ठोके देत फिरण्याची सोय, आणि २ अँपिअर-अवरच्या दोन बॅटऱ्या. कंपनीचं नाव देत नाही, कारण या वर्गातल्या बहुतेक चांगल्या मशीन घरच्या कामाला सारख्याच उतरतात, आणि मला बोलायचंय ते या प्रकाराबद्दल. काही खोक्यांवर ‘२० व्होल्ट मॅक्स’ छापलेलं असतं, त्यानं बिचकू नका. आत लिथियमचे तेच ३.६ व्होल्टचे पाच सेल एकापुढे एक जोडलेले असतात. नुकत्याच चार्ज केलेल्या बॅटरीचा आकडा तेवढा वर दिसतो, जोर तोच असतो.

पहिलं काम दाराचं. दार कुलपाच्या बाजूनं खाली जमिनीला घासायचं, आणि घरातला प्रत्येक जण ते जरा उचलून लावायचा. असं दार दिसलं की पहिला विचार येतो रंध्याचा. माझं कळकळीचं सांगणं आहे, रंधा मारण्याआधी वरची फट बघा. दार आणि चौकट यांच्यामधली फट कुलपाच्या बाजूला रुंद आणि बिजागरीच्या बाजूला चिंचोळी असेल, तर दार फुगलेलं नाही, कललं आहे. वरच्या बिजागरीचे स्क्रू फिरवून बघितले तर ते नुसतेच गरगर फिरत होते, लाकडात पकड उरलीच नव्हती. दाराखाली भक्कम पाचर लावून भार घेतला, एकेक स्क्रू काढला, भोकात लाकडाचा गोंद भरला आणि बांबूच्या काड्या दाटून ठोकल्या. रात्रभर वाळू दिलं. सकाळी काड्या पटाशीनं सपाट छाटल्या, बारीक बिटनं मधोमध भोक पाडलं आणि आधीपेक्षा लांब स्क्रू बसवले. इथे क्लचच्या, म्हणजे चकमागच्या आकडे लिहिलेल्या रिंगचं महत्त्व कळतं. आकडा कमी ठेवला की स्क्रूचं डोकं बिजागरीला टेकल्यावर मशीन कटकट आवाज करून थांबते, नव्या भोकातलं लाकूड चिरडत नाही. मग एकेक आकडा वाढवत न्यायचा.

दार सरळ लागायला लागलं, पण त्यानंतर कितीतरी दिवस आमचे हात ते उचलतच होते. अडचणीला आपण किती जुळवून घेतलेलं असतं, हे अडचण गेल्यावर दिसतं. मला या कामांचं समाधान तिथे सापडलं. काम संपलेल्या दिवशी आनंद होतोच, पण खरा आनंद पुढे रोज थोडा थोडा मिळत राहतो, दाराच्या मुठीला हात लागला की.

(दार फक्त दमट दिवसांत घासत असेल तर मात्र गोष्ट वेगळी. तेव्हा लाकूड खरंच फुगलेलं असतं. त्याच दिवसांत भरपूर रंधा मारला तर कोरड्या हवेत फट राहते. थोडंच काढा आणि उघड्या पडलेल्या कडेला रंग किंवा पॉलिश नक्की लावा, म्हणजे ती कड पुन्हा ओल धरणार नाही.)

पडद्याच्या रॉडनं या मशीनची मर्यादा दाखवली. खिडकीच्या वर बहुधा काँक्रीटचा लिंटेल, म्हणजे भिंतीचा भार पेलणारी आडवी तुळई असते. अशा मशीनचा हॅमर म्हणजे आत एकमेकांवर घसरणाऱ्या दोन दातेरी चकत्या. विटेत आणि प्लास्टरमध्ये त्या सुरेख काम करतात, पण काँक्रीटमध्ये बिट जागच्या जागी तापत राहतं. त्याला रोटरी हॅमरच लागतो, त्यात हवेच्या दाबानं खरा ठोका बसतो. बळ लावून काही होत नाही, बिटचं टोक जळतं तेवढं. मी रॉड लांब घेतला आणि त्याचे ब्रॅकेट लिंटेल जिथे संपतो त्याच्याही बाहेर, विटेत बसवले. आठ मिमीचं भोक, आतली धूळ फुंकून नव्हे तर ब्रशनं आणि व्हॅक्यूमनं साफ, मग गिट्टी (स्क्रूला धरणारी प्लास्टिकची खुंटी), मग स्क्रू. धूळ राहिली तर गिट्टी धरत नाही. सैल पडलेल्या कितीतरी ब्रॅकेटचं कारण एवढंच असतं. आणि स्विचच्या सरळ वर, खाली किंवा आडव्या रेषेत भोक पाडू नका. आतल्या वायरी बहुधा त्याच रेषांनी गेलेल्या असतात. नळांच्या वर-खालीही तोच नियम.

सगळ्यात मोलाचं काम बाथरूममधल्या आधाराच्या दांडीचं. आईसाठी ती बसवायची हे केव्हाच ठरलं होतं, पण टाइल फुटेल ही धास्ती आड येत होती. टाइलला भोक पाडायची रीत शांतपणे केली तर अवघड नाही. खुणेवर कागदी टेप चिकटवायचा म्हणजे बिट घसरत नाही. हॅमर पूर्ण बंद ठेवायचा, गती कमी. साध्या टाइलला भाल्याच्या टोकासारखं टाइल बिट चालतं, व्हिट्रिफाइडला हिऱ्याचं लागतं आणि त्यावर थोडं थोडं पाणी सोडत राहावं लागतं. टाइल पार झाली की बिट बदलायचं, आणि मागे वीट लागली तरच हॅमर सुरू करायचा. टाइल संपून भिंत सुरू झाली हे हाताला स्पष्ट कळतं: कुरकुर थांबते, मशीन एकदम पुढे सरकते आणि पांढऱ्याऐवजी तांबडी भुकटी यायला लागते. दांडीवर माणसाचा अख्खा भार येणार असतो, म्हणून ती नुसती चिकटवण्याच्या भानगडीत पडू नका. अँकर, म्हणजे दांडी धरणारा बोल्ट, भक्कम भिंतीतच गेला पाहिजे. बसवून झाल्यावर मी स्वतः दोन्ही हातांनी लटकून बघितलं आणि मगच आईला बोलावलं. तिनं धरून पाहिली, उठून पाहिलं आणि म्हणाली, “आता कुणाला हाक मारायला नको.” एवढ्या एका कामासाठीही ही मशीन मला घ्यावीशी वाटली असती.

बागेत कॉर्डलेसची खरी गंमत आहे. तिथे प्लग नसतो, जमीन ओली असते, आणि वायर ओढत नेणं त्रासाचं तर असतंच, धोक्याचंही असतं. वेलासाठी लाकडी पट्ट्यांची जाळी करायची होती. पट्टीच्या टोकाजवळ थेट स्क्रू मारला की लाकूड चिरतं, म्हणून आधी स्क्रूच्या गाभ्याएवढं भोक पाडायचं, आटे वगळून उरतो त्या जाडीचं. एका बॅटरीवर अख्खी जाळी उभी राहिली आणि चार्ज शिल्लक होता. भिंतीपासून ती चार बोटं पुढे ठेवली, म्हणजे मागून हवा खेळते आणि भिंत ओलसर राहत नाही. वेलाला पहिले काही दिवस सुतळीनं बांधावं लागलं, मग त्यानं आपापला रस्ता धरला. आता रोज नवा फुटवा कुठल्या पट्टीवर पोचला ते बघायला मी सकाळी बाहेर जातो.

कुंड्यांना भोकं पाडणं हे दुसरं थकलेलं काम. मातीची कुंडी आधी पाण्यात भिजत घाला, मग हॅमर बंद ठेवून, छोट्या बिटनं सुरुवात करून भोक मोठं करत न्या. तळाशी खडे भरले की निचरा होतो असं सर्रास सांगितलं जातं. तसं होत नाही. बारीक मातीतलं पाणी खालच्या मोकळ्या खड्यांत सहज उतरत नाही, माती पूर्ण भिजेपर्यंत ते खड्यांच्या वरच अडकून राहतं, आणि मुळांना मिळणारी जागा तेवढी कमी होते. खड्यांपेक्षा भोक महत्त्वाचं, त्यावर जाळीचा एक तुकडा पुरे.

वायर नसलेली ड्रिल काही नवी नाही. ब्लॅक अँड डेकरनं ती १९६१ मध्येच बाजारात आणली होती. पण निकेल-कॅडमियमच्या बॅटऱ्या पडल्या पडल्या उतरायच्या. कधीतरी लागणारं अवजार नेमकं लागेल तेव्हा मेलेलं, मग ते पुन्हा माळ्यावर जायचं. लिथियमची बॅटरी महिनाभर कपाटात राहिली तरी जवळपास तशीच असते. रखडलेल्या कामांच्या बाबतीत मला हा फरक ताकदीपेक्षा मोठा वाटतो, कारण अशा कामांसाठी मिळतो तो मधलाच अर्धा तास. त्यातला बराच वेळ चार्जिंगमध्ये गेला की काम पुन्हा पुढच्या वेळेवर जातं.

माझी एक पद्धत सांगतो, ती उपयोगी पडेल. आदल्या संध्याकाळी मी फक्त मापं घेतो, पाणसळ लावतो आणि भिंतीवर पेन्सिलनं फुल्या मारून ठेवतो. मारिया ओव्हसियांकिना या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९२८ मध्ये दाखवलं होतं की मध्येच तोडलेल्या कामाकडे माणसं कुणी सांगितलं नसतानाही परत वळतात. म्हणजे नुसतं ठरवलेलं काम ओढ लावेलच असं नाही, सुरू केलेलं लावतं. भिंतीवरच्या दोन फुल्या म्हणजे काम सुरू झालेलं असतं. दुसऱ्या दिवशी त्या येता-जाता दिसतात, मशीन हाताशी असते, आणि चहाच्या आधी भोकं पडलेली असतात.

आता तक्रारी. हॅमरवर आवाज कानठळ्या बसवणारा आहे, कानांना आणि डोळ्यांना संरक्षण हवंच. डोक्याच्या वर काम करताना बॅटरीचं वजन मनगटाला जाणवतं. सोबत आलेला दिवा चकच्या खालून पडतो, त्यामुळे नेमकी बिटची सावली खुणेवर येते. चार्जर फार हळू आहे, दुसरी बॅटरी नसती तर त्याचा वैताग आला असता. बॅटऱ्या उन्हात किंवा बंद गाडीत ठेवू नका, आणि बरेच दिवस वापरणार नसाल तर साधारण निम्म्या चार्जवर थंड जागी ठेवा.

वर्षात एखादी तसबीर टांगण्यापुरतं काम असेल तर शेजाऱ्याची मागून आणा. भिंती सगळ्या काँक्रीटच्या असतील तर थेट रोटरी हॅमर बघा. पण घरात अशी सात-आठ कामं तुंबलेली असतील, त्यातली निम्मी लाकडातली आणि बागेतली असतील, तर ही मशीन जरूर घ्या. मात्र बिट्सवर हात आखडता घेऊ नका. स्क्रूचं डोकं नीट बघा: साध्या फुलीशेजारी तिरक्या बारीक रेघा असतील तर तो पोझिड्राइव्ह, त्याला फिलिप्सचं बिट लावलं की ते उसळ्या मारत डोकं खाऊन टाकतं. पीएच-२ (फिलिप्सचं) आणि पीझेड-२ (पोझिड्राइव्हचं) अशी दोन्ही चांगली बिटं पहिल्याच दिवशी आणून ठेवा, आणि ती मशीनच्याच डब्यात ठेवा.