धुतलेला अ‍ॅक्च्युएटर, नवा म्हणून

माझ्या गाडीची मागची चाकंही वळतात. ती वळवणारा विजेवरचा भाग म्हणजे अ‍ॅक्च्युएटर. वेग कमी असेल तर पुढच्यांच्या उलट दिशेला, वाढला की त्याच दिशेला. काही अंशांचाच खेळ, पण यू-टर्न घेताना लगेच जाणवतो. एक दिवस डॅशबोर्डवर स्टिअरिंगचा दिवा लागला आणि नेहमीच्या वळणावर गाडी एका दमात वळेना. बिघाड दिसला की यंत्रणा बहुधा मागची चाकं सरळ धरून ठेवते, हे मला ठाऊक होतं, म्हणून घाबरलो नव्हतो. घाबरवलं गॅरेजवाल्याने.

त्याने स्कॅनर लावून पडदा माझ्याकडे फिरवला. 'सी'ने सुरू होणारा कोड, म्हणजे बिघाडाचा सांकेतिक क्रमांक, खाली मागच्या अँगल सेन्सरचं, म्हणजे चाकांचा कोन मोजणाऱ्या भागाचं नाव. "साहेब, सेन्सर अ‍ॅक्च्युएटरच्या आतच असतो, सुटा येत नाही. अख्खा बदलावा लागेल. भर वेगात मागची चाकं फिरली तर?" मी मान डोलावली.

फसलो ते इथेच. कोडमध्ये सेन्सरचं नाव असलं म्हणून सेन्सर गेला असं होत नाही. त्या सर्किटमधून येणारा सिग्नल कंट्रोल युनिटला, म्हणजे यंत्रणेच्या छोट्या संगणकाला, पटत नाहीये, एवढंच तो सांगतो. दोष वायरीत असेल, कनेक्टरच्या पिनेत असेल, बॅटरी उतरलेली असेल, नाहीतर अलाइनमेंटनंतर स्टिअरिंगचा शून्य बिंदू, म्हणजे 'सरळ' कुठे ते, यंत्रणेला पुन्हा शिकवायचा राहिला असेल. (1987च्या होंडा प्रेल्यूडमध्ये मागची चाकं लोखंडी दांड्याने आणि गिअरने वळायची. त्या स्टिअरिंगला कोडच नव्हते, तर दाखवणार काय?)

गाडी मिळाली तेव्हा दिवा विझलेला होता. चार दिवसांनी पुन्हा लागला. आता गॅरेजवाला म्हणे, कंट्रोल युनिटच गेलंय.

मग एका जुन्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडे गेलो. गाडी वर घेतल्यावर त्याने मलाच खाली बोलावलं. अ‍ॅक्च्युएटरची खालची बाजू लखलखीत, वरच्या बाजूला मात्र बोटभर वाळलेला चिखल. बोल्टच्या डोक्यांवर जुना गंज जसाच्या तसा, पाना लागल्याची खूणसुद्धा नाही. भाग बदलणं सोडाच, उतरवलाही नव्हता. दिसेल तेवढा डिझेलने पुसला होता आणि कोड उडवला होता. कोड उडवला की दिवा विझतोच, दोष पुन्हा पकडला जाईपर्यंत.

त्याने स्कॅनरवर लाइव्ह डेटा, म्हणजे सेन्सरचे त्या क्षणाचे आकडे, लावला आणि मागची वायरिंग हाताने हलवली. गाडी जागेवर, चाकं स्थिर, तरी कोनाचा आकडा उड्या मारत होता. कनेक्टर उघडला तर एका पिनेवर हिरवट गंज. पिन साफ केली, रबरी सील बदललं, शून्य बिंदू शिकवला. दिवा त्यानंतर लागलेला नाही.

आता कोड उडवण्याआधी मी पडद्याचा फोटो घेतो आणि कोड चालू आहे की जुना साठलेला, ते विचारतो. स्वस्तातला स्कॅनर खिशात आहे, पण तो बहुतेक वेळा इंजिनाचेच कोड वाचतो. तो "सब ठीक" म्हणाला तर स्टिअरिंगपुरतं त्याला काही अर्थ नाही. आणि जुना भाग हातात आल्याशिवाय पैसे देत नाही.

चिखलाचा फोटो घेऊन पहिल्या गॅरेजमध्ये गेलो. "पोराकडून चूक झाली असेल" म्हणाला. जुना भाग मागितला, तर तो भंगारात गेला म्हणे. मी बिल काढलं. "अ‍ॅक्च्युएटर, नवा" एवढंच लिहिलेलं. पार्ट नंबरची जागा कोरी होती, आणि ते मी तेव्हा पहिल्यांदा पाहत होतो.