सॉफ्टआयआरक्यू की नॅपीचे स्वतंत्र थ्रेड: लिनक्स राउटरसाठी निवड

नागपुरातील मानेवाडा किंवा धरमपेठेसारख्या वस्तीत ब्रॉडबँड पुरवणाऱ्याचे एकच लिनक्स यंत्र पॅकेट पुढे पाठवणे, डीएनएस आणि बिलिंग ही तिन्ही कामे करत असेल, तर रात्री वर्दळ वाढल्यावर बिलिंगचे पान रखडण्याचे कारण पुष्कळदा कर्नल (लिनक्सचा गाभा) नेटवर्कचे काम कोणाच्या वेळात उरकतो यात सापडते.

मूळ व्यवस्थेत नेटवर्क कार्डाचा हार्डवेअर इंटरप्ट (सीपीयूचे चालू काम थांबवणारा इशारा) केवळ वर्दी देतो आणि पॅकेट उचलण्याचे काम सॉफ्टआयआरक्यूमध्ये (इंटरप्टनंतर कर्नल उरलेले काम उरकतो त्या टप्प्यात) नॅपी ही कर्नलची पॅकेट घाऊक उचलणारी यंत्रणा करते. एका फेरीची मर्यादा प्रारंभी ३०० पॅकेटची असते. काम उरतच गेले, तर ते त्या सीपीयूच्या केसॉफ्टआयआरक्यूडी या थ्रेडकडे (स्वतंत्रपणे चालणाऱ्या कामाकडे) जाते. तोवर मात्र जी प्रक्रिया तिथे चालू होती ती खोळंबते आणि शेड्युलरला (सीपीयूचा वेळ वाटून देणाऱ्या भागाला) त्यात हस्तक्षेप करता येत नाही. थ्रेड जागवण्याचा खर्च वाचतो, हा या पद्धतीचा खरा लाभ आहे.

लिनक्स ५.१२ (२०२१) पासून प्रत्येक नॅपीला स्वतंत्र कर्नल थ्रेड देता येतो. तो प्रक्रिया दाखवणाऱ्या टॉप या आज्ञेत नावानिशी दिसतो, टास्कसेट या आज्ञेने ठरावीक सीपीयूंवर बांधता येतो आणि बिलिंगच्या प्रक्रियांशी शेड्युलरच्या नियमांनुसार वेळ वाटून घेतो. त्याला रिअल-टाइम प्राधान्य देण्याचा मोह टाळावा, कारण मग बिलिंग पुन्हा उपाशीच राहील.

ग्राहक पीपीपीओईने (लॉगिन करून जोडणी देण्याच्या पद्धतीने) जोडलेले असतील, तर मात्र आधी वेगळी गोष्ट तपासावी. पॅकेट वेगवेगळ्या रांगांत वाटण्यासाठी लागणारा पीपीपीओईच्या आतला आयपी पत्ता अनेक कार्डांना वाचता येत नसल्याने सारी पॅकेट एकाच रांगेत येतात, आणि एका रांगेला एकच थ्रेड मिळत असल्याने थ्रेड केले तरी उरलेले सीपीयू रिकामेच राहतात. इथे लिनक्स २.६.३५ पासून उपलब्ध असलेले आरपीएस (आलेली पॅकेट सीपीयूंमध्ये वाटण्याची सोय) उपयोगी पडते, कारण पॅकेटची वाटणी कर्नल स्वतः करतो.

बिझी पोलिंग (इंटरप्टची वाट न पाहता पॅकेट आले का ते सतत तपासणे) हा आणखी एक पर्याय सॉकेट (प्रोग्रामचे नेटवर्कशी जोडलेले टोक) वाचणाऱ्या प्रोग्रामसाठी आहे. निव्वळ राउटरला त्याचा उपयोग नाही.

यंत्र फक्त पॅकेट पुढे पाठवत असेल, तर माझ्या मते सॉफ्टआयआरक्यूच ठेवून आरपीएस लावावे. बिलिंगही तिथेच असेल, तर थ्रेड निवडून त्यांना दोन सीपीयू नेमून द्यावेत. बदलापूर्वी गर्दीच्या वेळी कर्नलच्या सॉफ्टनेट-स्टॅट या फाइलमधील तिसरा स्तंभ पाहावा. मर्यादा संपल्याने काम अर्धवट सुटल्याची नोंद तिथे सीपीयूनिहाय, सोळा-आधारी अंकांत मिळते. थ्रेडची ही मांडणी रीबूटनंतर टिकत नाही, म्हणून ती सिस्टमडीच्या (यंत्र सुरू होताना सेवा चालू करणाऱ्या व्यवस्थेच्या) युनिटमध्ये लिहून ठेवावी.