पट्टेरी अंजीर 'पनाशे' : कुंडीतले अठरा महिने

आधी निकाल सांगून टाकते, म्हणजे घाईतल्या मंडळींची सुटका होईल. अंजिराचं पहिलंच झाड लावणार असाल तर पनाशे लावू नका. दुसरं लावणार असाल तर जरूर लावा, पण निदान चाळीस लिटरची कुंडी आणि रोजचं सहा-सात तास थेट ऊन असेल तरच. माझ्याकडे ऊन होतं, कुंडी नव्हती, आणि धीर तर मुळीच नव्हता.

पनाशे म्हणजे ते हिरव्या-पिवळ्या उभ्या पट्ट्यांचं अंजीर, ज्याचा फोटो बघून माणूस हमखास फसतो. टायगर फिग म्हणूनही ते ओळखलं जातं. फोटो खोटे नसतात हे कबूल करते. वाटाण्याएवढं फळ पानाच्या बेचक्यात दिसलं तेव्हाच त्यावर पट्टे होते. कोवळ्या फांद्यांवरही तेच पट्टे येतात. पानं मात्र चारचौघांसारखी हिरवी. फांदी जून झाली, तिच्यावर तपकिरी साल चढली, की पट्टे दिसेनासे होतात. म्हणजे ज्या रूपावर भाळून झाड आणलं, ते रूप वर्षातले काही महिनेच बघायला मिळतं.

सुरुवात तीन छाट कलमांपासून झाली. पेन्सिलीच्या जाडीच्या, वीतभर लांबीच्या, पानं गळून गेलेल्या काड्या. ओलसर कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि पर्लाइट (माती मोकळी ठेवणारे हलके पांढरे खडे) समप्रमाणात, उबदार जागा, वरून पारदर्शक पिशवी. बाराव्या दिवशी तिन्हींना पानं फुटली आणि मी घरभर सांगत सुटले. इथेच नवखे फसतात. काडीत साठवलेल्या अन्नावर पानं फुटतात. मुळांचा त्यात काही हात नसतो. मी आनंदाच्या भरात पाणी वाढवलं आणि एक काडी बुडापासून काळी पडली. दुसरीची पानं चट्टेरी, वेडीवाकडी निघाली. अंजिराचा मोझेक रोग. हा विषाणू कलमातून पुढे जातो, त्यावर औषध नाही आणि डोळ्यांना न दिसणारी कोळी जातीची कीड तो शेजारच्या झाडावर नेते. ती काडी मी टाकून दिली. पुष्कळ झाडं हा रोग अंगावर घेऊनही बरी फळतात, पण पनाशेच्या पट्ट्यांत हरितद्रव्य आधीच कमी, त्यात आणखी रोगाचं ओझं कशाला? कलम घेताना शक्य असेल तर मूळ झाडाची पानं बघून घ्या.

उरलं एक. त्याला पाचव्या महिन्यात बारा लिटरच्या कुंडीत हलवलं आणि मग मी त्याचे लाड केले. दर पंधरा दिवसांनी शेणखताचं पाणी, मध्येच गांडूळखत. झाड कमरेएवढं झालं, पानं ताटाएवढी, दोन पेरांमध्ये चार-चार बोटांचं अंतर, आणि फळं किती? चार. तीही बोराएवढी होऊन गळली. जास्त नत्र मिळालेलं अंजीर पानाफांद्यांतच रमतं. शिवाय मुळं तोवर कुंडीच्या कडेनं गोल फिरून घट्ट बसली होती. सकाळी घातलेलं पाणी दुपारी संपायचं आणि पानं माना टाकायची. त्या पहिल्या उन्हाळ्यात मी रोज झाडाकडे बघत होते, कुंडीच्या आत काय चाललंय ते मात्र बघितलं नाही.

थंडीत पानगळ झाल्यावर झाड बाहेर काढलं. मुळांचा गोळा कुंडीच्याच आकाराचा! कडेची मुळं बोटांनी सोडवली, फार लांबलेली कापली आणि झाड चाळीस लिटरमध्ये लावलं. माती, कंपोस्ट आणि निचऱ्यासाठी जाड वाळू. खत म्हणाल तर नवी पालवी फुटताना एकदा कंपोस्ट, आणि फळं दिसल्यावर पालाश जास्त असलेलं खत दोनदा. इतकंच. प्रत्येक फांदीला पाच-सहा पानं आली की शेंडा खुडला. यामुळे झाड उंच जायचं थांबतं आणि पानांच्या बेचक्यांतून फळं दिसू लागतात. दुसऱ्या वर्षी अकरा फळं धरली.

आता या जातीची खरी परीक्षा. काही अंजिरांना दोन बहार येतात, आधीचा गेल्या वर्षीच्या फांदीवर आणि नंतरचा नव्या फांदीवर. पनाशे जवळजवळ सगळं नव्या फांदीवरच देतं, आणि तेही उशिरा. माझ्याकडे फळ दिसल्यापासून पिकेपर्यंत सुमारे 115 दिवस गेले. जिथे उन्हाळा आखूड, तिथे ते पिकण्याआधीच थंडी गाठणार. त्यात कुठल्याही अंजिराचं फळ आधी भराभर वाढतं, मग कित्येक आठवडे जागचं हलत नाही, आणि शेवटच्या काही दिवसांत एकदम फुगून गोड होतं. मधल्या काळात मला वाटलं झाडाला काहीतरी झालंय. सातव्या आठवड्यात न राहवून एक फळ तोडलंच. आत पांढरट, रबरासारखं, आणि ओठांना लागलेला चीक संध्याकाळपर्यंत झोंबत होता. तोडलेलं कच्चं अंजीर घरात ठेवून पिकत नाही, ते वायाच जातं.

ते कापल्यावर एक गोष्ट मात्र नीट बघायला मिळाली. आपण ज्याला फळ म्हणतो ती आत वळलेली पिशवी असते आणि फुलं तिच्या आतल्या भिंतीवर असतात, शेकड्यांनी. उंबराचं फूल दिसत नाही म्हणतात ते यामुळेच. दोघं एकाच कुळातले. उंबर फोडलं की केंबरं उडतात, तशी या अंजिरात असतील का, असं घरी विचारून झालं. नाहीत. स्मर्ना गटातल्या अंजिरांना परागीभवनासाठी चिमुकली गांधीलमाशी लागते, ती आली नाही तर फळं गळतात. पनाशे साध्या गटातलं आहे, परागीभवनाशिवाय फळतं. घरच्या कुंडीसाठी अंजीर निवडताना रंगाआधी ही गोष्ट विचारा.

तेलाचा जुना उपायही करून पाहिला. वाढ थांबलेल्या काळाच्या अगदी शेवटी, फळाच्या बुडाच्या डोळ्यावर काडीने थेंबभर वनस्पती तेल लावायचं. त्याने फळात इथिलीन, म्हणजे फळं पिकवणारा वायू, वाढतं आणि पिकणं लवकर सुरू होतं. दोन फळांना लावलं. दोन्ही आठवड्याच्या आत पिकली, त्यांच्या शेजारची मात्र दहा-बारा दिवस मागे राहिली. पण माझ्या जिभेला ती दोन जरा पाणचट लागली. थंडी उंबऱ्यावर असेल तरच पुन्हा करेन.

चिकाबद्दल एक इशारा. मी भर दुपारी, हातमोजे न घालता फांद्या छाटल्या. दुसऱ्या दिवशी मनगटावर लाल रेघा, मग फोड, आणि त्यांचे काळपट डाग दोन महिने राहिले. अंजिराच्या चिकातल्या काही द्रव्यांवर ऊन पडलं की कातडी भाजते. छाटणी संध्याकाळी करा, पूर्ण बाह्या घालून, आणि लगेच साबणाने हात धुवा. (याच चिकात फिसिन नावाचं प्रथिन तोडणारं विकर (एन्झाइम) असतं, दूध विरजवणारं. कोमट दुधात चार थेंब टाकून खात्री केली. दूध फाटलं. प्यायले नाही.)

बाकी त्रास नेहमीचेच. ओल्या दिवसांत पानांखाली तांबेरा आला. ती पानं गोळा करून टाकली आणि पाणी बुंध्याशीच घालायला लागले. पिकत आलेल्या दिवसांत दोन दिवस पाणी चुकलं, तिसऱ्या दिवशी भरपूर घातलं आणि दोन फळं तडकली. तडकलेल्या फळात मुंग्या आणि आंबूस वास. मग प्रत्येक फळाला जाळीची छोटी पिशवी बांधली. त्याआधी एक पाखरांनी नेलंच.

तर अकरापैकी सात खाल्ली. पट्ट्यांतला हिरवा फिकटून पिवळट झाला, देठ मऊ पडून फळ मान टाकून लोंबायला लागलं आणि सालीवर बारीक भेगा आल्या की ते तोडायचं. नुसत्या रंगावर जाऊ नका. मी गेले आणि तीन फळं दोन दिवस आधी काढली. त्या तिघांत गोडी होती, पण ती पातळ. उरलेली चार मी शहाणपणाने लोंबू दिली. कापल्यावर बाहेर फिकट पिवळं आणि आत गडद लाल. स्ट्रॉबेरीच्या मुरंब्यासारखा गर, किंचित आंबटपणा, बिया दाताखाली कुरकुरणाऱ्या. बाजारातल्या तपकिरी अंजिराची नुसती मधासारखी गोडी मला कंटाळवाणी वाटते. इथे आंबटपणा तिला धरून ठेवतो. यासाठी मी पुन्हा 115 दिवस थांबेन, कुरकुरत का होईना. पण घरात मुलं असतील आणि त्यांना टोपलीभर अंजिरं हवी असतील, तर दुसरी जात बघा.

एक गोष्ट कुणी सांगितली नव्हती. पंधराव्या महिन्यात बुंध्याजवळून एक फांदी निघाली, पूर्ण हिरवी, एकही पट्टा नाही. झाड मधूनच असं साध्या हिरव्यावर परततं. अशी फांदी जास्त जोमदार असते, ठेवली तर सगळं झाड तीच खाऊन बसते. बुडापासून कापली. टाकवेना म्हणून तिचा तुकडा एका रिकाम्या डब्यात खोचून ठेवला, ना पिशवी ना कोकोपीट. तीन आठवड्यांत मुळं डब्याच्या भोकांतून बाहेर.