चौदा चेहरे आणि अकरा नावे: जुन्या छायाचित्रातील माणसे ओळखून देणाऱ्या एका सेवेचा अनुभव

आमच्या जुन्या घराच्या माजघरात, दाराच्या वर, एक मोठे चौकटीतले छायाचित्र माझ्या आठवणीपासून टांगलेले होते. मध्यभागी घेरा-शेंडी ठेवलेला, हातात दंड घेतलेला बटू आणि त्याच्याभोवती तेरा माणसे. बटू म्हणजे माझे आजोबा, एवढे सर्वांना ठाऊक होते. त्यांच्या आईवडिलांसह आणखी चौघांची नावे घरात सांगितली जात, आणि उरलेल्या नऊ जणांविषयी विचारले की ‘असतील कोणीतरी भावकीतले’ या उत्तरावर विषय संपत असे. घर पाडण्याची वेळ आली तेव्हा ती चौकट माझ्याकडे आली आणि जुनी छायाचित्रे स्कॅन करून त्यांतील माणसांची ओळख पटवून देणाऱ्या पुण्यातील एका लहानशा सेवेकडे मी ती सोपवली. सेवेचे नाव येथे देत नाही, कारण पुढे एक गंभीर तक्रारही आहे. एका छायाचित्रासाठी साडेचार हजार रुपये घेतले आणि एक महिन्याची मुदत सांगितली. प्रत्यक्षात अडीच महिने लागले.

पहिली चांगली गोष्ट अशी की चौकट त्यांनी माझ्यासमोर उघडली. छायाचित्राचा उजवा कोपरा दमटपणामुळे काचेला चिकटला होता. आमच्या नेहमीच्या फोटोवाल्याने तो नखाने सोडवायला घेतला असता, याबद्दल मला शंका नाही. येथे मात्र, ओढल्यास चित्राचा थरच काचेबरोबर निघून येईल, असे सांगून काचेसकटच १२०० डीपीआयला (दर इंचाला १२०० ठिपके इतक्या बारकाईने) स्कॅन केले आणि मूळ चित्राला हात लावला नाही. मागचा पुठ्ठा निघाल्यावर त्यावर शिसपेन्सिलीने मोडीत लिहिलेल्या दोन ओळी दिसल्या. आमच्या घरातील तीन पिढ्यांना त्या ओळी तेथे आहेत हेच माहीत नव्हते.

मोडी वाचणारे गृहस्थ आठवड्यातून एकदाच येतात, त्यामुळे थांबावे लागले, पण थांबल्याचे सार्थक झाले. ‘शके १८४९ प्रभवनाम संवत्सरे वैशाख’, त्याखाली तीन पुरुषांची नावे आणि शेवटी ‘व मंडळी’. शकात ७८ मिळवले की १९२७ येते आणि महिना वैशाख, म्हणजे छायाचित्र मे १९२७ मधले. संवत्सराचे नाव शकाशी जुळते का, हेही त्यांनी पडताळून पाहिले, कारण पेन्सिलीच्या पुसट खुणेत ४ आणि ५ यांची गल्लत सहज होते. ‘मंडळी’ या शब्दावर त्यांनी स्वतंत्र टीप जोडली: त्या काळच्या लिहिण्यात हा शब्द सगळ्या गोतावळ्यासाठी येतो, तसाच तो केवळ पत्नीसाठीही येतो, तेव्हा तिसऱ्या नावापुढचा ‘व मंडळी’ म्हणजे ‘आणि इतर सर्व’ की ‘आणि त्यांची बायको’, हे अक्षरावरून ठरणार नाही. एवढी सावधगिरी मला अपेक्षित नव्हती.

कपड्यांवरून काढलेले अनुमानही वाचण्यासारखे होते. वयस्कर पुरुषाच्या डोक्यावर पगडी आणि तरुणांच्या डोक्यावर काळी गोल टोपी, हे कोणीही पाहिले असते. डाव्या कडेला, जरा अंतर राखून बसलेल्या वृद्ध स्त्रीबद्दलचे निरीक्षण मात्र कोणाच्याही लक्षात आले नसते. तिचे लुगडे छायाचित्रात जवळजवळ काळे दिसते, म्हणून आम्ही ते काळी चंद्रकळा समजत होतो. त्या काळी छायाचित्रणासाठी सर्रास वापरल्या जाणाऱ्या काचा आणि फिल्मा तांबड्या रंगाला जवळजवळ आंधळ्या असत, त्यामुळे तांबडे ते काळे उमटे. इतर बायकांच्या कपाळावरचे कुंकू त्याच छायाचित्रात काळ्या ठिपक्यासारखे दिसते आणि या एका स्त्रीच्या कपाळावर ठिपका नाही. पदर कपाळापर्यंत ओढलेला, दागिना एकही नाही. तेव्हा ते विधवांचे तांबडे आलवण असावे आणि ती विधवा असावी, असे टिपणात म्हटले होते. याचा परिणाम लगेच झाला: ज्यांना आम्ही या बाईचे यजमान समजत होतो ते पगडीवाले गृहस्थ तिचे यजमान असूच शकत नव्हते. ते तिचे दीर निघाले.

या सेवेचे खरे मोल मात्र मुलाखतीत आहे, आणि जाहिरातीत तिचा उल्लेख शेवटच्या ओळीत एवढासाच आहे. वडीलधाऱ्यांपुढे थेट छायाचित्र न ठेवता आधी माणसांच्या आकृत्यांच्या नुसत्या कडा काढलेला, १ ते १४ क्रमांक घातलेला कागद ठेवतात, म्हणजे बोलताना ‘ही, ती, त्याच्या मागची’ असा गोंधळ होत नाही. प्रत्येकाला वेगवेगळे भेटतात, कारण चौघे एकत्र बसले की सर्वांत मोठे बोलतात आणि बाकीचे माना डोलावतात. आणि ‘हिचे नाव काय?’ असे विचारतच नाहीत. ‘तुम्ही हिला काय म्हणत होता? ही कोणाच्या घरून आली, की कोणाच्या घरी गेली?’ असे विचारतात.

आपल्याकडे या प्रश्नावाचून बायकांची ओळख पटणे कठीण आहे. क्रमांक ७ ची, पंधरा-सोळा वर्षांची मुलगी आम्हाला पूर्णपणे अपरिचित होती. माझी शहाऐंशी वर्षांची आत्या तिला पाहताच म्हणाली, “ही आमची जिजी. माहेरपणाला यायची. खांदा असा एकीकडे झुकवून उभी राहायची, अगदी असाच.” जिजीचे खरे नाव विचारल्यावर आत्या गप्प झाली, तिने ते कधी ऐकलेच नव्हते. आमच्या कुलवृत्तान्तात पणजोबांच्या प्रत्येक मुलाला एकेक परिच्छेद आहे आणि मुली मात्र सगळ्या मिळून दोन ओळींत, सासरचे नाव आणि गाव एवढ्यावर आटोपल्या आहेत. मुलाखतकारांनीच सुचवले की नाशिकला तीर्थोपाध्यायांकडे, यात्रेला आलेल्या कुटुंबांच्या नावांची जी वही असते ती पाहावी. ते काम सेवेत येत नाही, आपणच जावे लागते. मी गेलो. मूळ गाव आणि आडनाव सांगितल्यावर वही निघाली आणि पणजोबांच्या मुक्कामाच्या नोंदीत मुलाबाळांच्या नावांत, लग्नाआधीच्या नावाने, जिजी सापडली. माहेरचे नाव वहीत, सासरचे नाव कुलवृत्तान्तात आणि हाक मारायचे नाव आत्याच्या तोंडी. ही तीनही नावे एकाच मुलीची आहेत हे जुळवून देणारा दुवा त्या मुलाखतीतून मिळाला.

आता तक्रार. त्याच शुल्कात ‘चेहरा सुस्पष्ट करणे’, ‘चेहरे जुळवणे’ आणि ‘रंगीत प्रत’ अशा तीन गोष्टी संगणकाकडून करून मिळतात, आणि तिन्ही मला निरुपयोगी, किंबहुना घातक वाटल्या. चेहरे जुळवण्याच्या कामात क्रमांक ४ आणि ९ एकच व्यक्ती असल्याचा निष्कर्ष निघाला. एकाच छायाचित्रात एकच बाई दोन ठिकाणी कशी बसेल, हा प्रश्न त्या यंत्राला पडला नाही. (त्या सख्ख्या बहिणी होत्या.) रंगीत प्रतीत आलवण गडद निळे झाले. आतल्या खोलीत बसलेल्या माणसांनी कष्टाने शोधून काढलेली गोष्ट बाहेरच्या खोलीतल्या यंत्राने पुसून टाकली, आणि दोन्ही एकाच पिशवीत घालून माझ्या हातात दिले.

सर्वांत वाईट प्रकार क्रमांक ११ चा झाला. मांडीवरचे ते मूल छायाचित्र घेताना हलले होते आणि त्याचा चेहरा म्हणजे एक पांढुरका डाग होता. यंत्राने त्या डागावर डोळे, नाक, जिवणी असा देखणा चेहरा बसवला आणि ती प्रत मुलाखतीच्या आधीच टपालाने आत्याकडे गेली. आत्याने ती पाहून एका धाकट्या चुलतीचे नाव ठामपणे सांगितले. मूळ स्कॅन दाखवल्यावर ती गोंधळली आणि म्हणाली, “हा चेहरा मी कधी पाहिलेला नाही. पण त्या कागदावर पाहिल्यासारखा वाटला.” त्यानंतर क्रमांक ११ विषयीचे तिचे कोणतेही सांगणे, तिच्या स्वतःच्या मते, भरवशाचे राहिले नाही. मी हे कळवल्यावर दिलगिरी व्यक्त झाली, पुढे तशी प्रत आधी पाठवणार नाही असे आश्वासनही मिळाले. पण शहाऐंशी वर्षांच्या माणसाची कोरी आठवण एकदाच वापरता येते.

अंतिम टिपणात ११ जण ‘निश्चित’, २ ‘संभाव्य’ आणि १ ‘अज्ञात’ असे वर्गीकरण आहे, आणि प्रत्येक नावापुढे ते कोणी सांगितले व कोणत्या कागदाने दुजोरा दिला, हे लिहिले आहे. क्रमांक ११ ‘संभाव्य’मध्ये आहे. क्रमांक १४, उजव्या कडेला अर्धा कापला गेलेला उघड्या अंगाचा माणूस, अज्ञातच राहिला. तो नातेवाईक की मुंजीला बोलावलेला आचारी, यावर अंदाज लिहावा असा आग्रह मी धरला, पण त्यांनी तो मानला नाही.

दुसरे छायाचित्र मी त्यांच्याकडेच देणार आहे, फक्त मोडीवाचन आणि मुलाखत यांसाठी. संगणकाच्या तिन्ही प्रती नकोत असे अर्जावर लिहून दिले, तेव्हा शुल्क कमी होणार नाही असे सांगण्यात आले. तेही मान्य केले.