विणीआधी मादी लेपर्ड गेकोला काय खाऊ घालावं? रातकिडे, डुबिया आणि अळ्या शेजारी ठेवून

पहिल्यांदाच जोडी लावायला निघालेल्या माणसाचा प्रश्न बहुधा ठरलेला असतो. मादी वर्षाची झाली, वजन 40 ग्रॅमच्या आसपास रेंगाळतंय, नर तयार आहे. तिला 50 वर न्यायला काय घालू? दुकानात विचारलंत तर वॅक्सवर्मचा, म्हणजे मेणकिड्याच्या चरबीदार अळ्यांचा, डबा हातात पडेल. वजन त्यानं वाढतं, यात शंका नाही. पण ते वजन अंड्यांच्या कामाचं नसतं. म्हणून आधी दोन गोष्टी ठरवाव्या लागतात: रोजचं मुख्य खाद्य कोणतं, आणि वजन किती सावकाश वाढवायचं. दुसरी गोष्ट लोक विचारतच नाहीत, आणि माझ्या मते तीच जास्त महत्त्वाची आहे.

हे लिहितोय ते लेपर्ड गेको, म्हणजेच यूब्लेफॅरिस मॅक्युलॅरियस, या जातीबद्दल. ब्लिथनं 1854 साली वर्णन केलेली ही पाल मूळची अफगाणिस्तान-पाकिस्तानकडच्या कोरड्या, खडकाळ मुलखातली. अमेरिका-युरोपात ती कित्येक पिढ्या माणसाच्या घरातच जन्मते आहे. आपल्याकडेही तिची भावंडं रानात आहेत. सातपुड्यातली जात तर 2014 साली वेगळी म्हणून नोंदली गेली. त्यांना रानातच राहू द्यावं, उचलून आणायचा विचारही करू नये. हा आढावा न्यू जर्सीत, लंडनमध्ये, टोरांटोत घरी जन्मलेले गेको पाळणाऱ्या आपल्या मंडळींसाठी.

किती वजन, आणि कसलं

अंड्यातून निघालेलं पिल्लू जेमतेम 3 ग्रॅमचं असतं. पूर्ण वाढलेली मादी साधारण 50 ते 70 ग्रॅम, नर 60 ते 80. जायंट या मोठ्या आकाराच्या वाणाचे त्याहून बरेच मोठे होतात, त्यांना हे आकडे लावू नयेत. विणीसाठी मादी किमान 45 ते 50 ग्रॅम आणि वर्षाच्या आसपासची हवी, असा बहुतेक जाणत्यांचा नियम आहे. मी 50 च्या खाली जोडी लावू नका असंच सांगेन, आणि पहिल्या विणीला दीड वर्षाची असेल तर फारच छान.

कारण हिशेब करून बघा. ती एका वेळी दोन अंडी घालते. दर दोन ते चार आठवड्यांनी पुन्हा दोन, असं एका हंगामात पाच-सहा वेळा तरी होऊ शकतं, कधी त्याहून जास्त. पिल्लूच 3 ग्रॅमचं, म्हणजे अंडी त्याहून हलकी नसणार. दोन अंड्यांत तिच्या वजनाचा दहावा हिस्सा सहज जातो. वर त्या अंड्यांमधलं कॅल्शियमही तिच्याच अंगातून निघतं. नरापासून एकदा मिळालेलं बीज ती साठवून ठेवते, त्यामुळे नंतर नर बाजूला काढला तरी अंडी थांबत नाहीत. सुरुवात केल्यावर मध्येच बंद करण्याची सोय तुमच्या हातात नसते.

म्हणून काट्यावरचा आकडा एकटा पाहू नका. तिला तळहातावर घ्या आणि वरून बघा. शेपटीचा सर्वांत जाड भाग मानेच्या रुंदीइतका किंवा त्याहून किंचित जास्त असावा. शेपटी ही तिची कोठी आहे, उपासाच्या दिवसांत ती तिथूनच खर्च करते. आता पुढच्या पायांमागे, काखेत बघा. तिथे मऊ फुगवटे उठले असतील, पोट जमिनीला टेकत असेल आणि शेपटी डोक्याहून रुंद झाली असेल, तर ती मादी 60 ग्रॅमची असूनही विणीला तयार नाही. चरबीनं यकृत बिघडतं आणि अंडी अडकण्याचा धोका वाढतो. 52 ग्रॅमची, भरल्या पायांची, लांब अंगाची मादी तिच्यापेक्षा कितीतरी बरी. उलट, भरपूर खाऊनही शेपटी वाळत चालली असेल तर खाद्य बदलण्यात वेळ घालवू नका. विष्ठेची तपासणी करून घ्या. क्रिप्टोस्पोरिडियम या आतड्यातल्या परजीवीची लागण नेमकी अशीच दिसते, आणि तशा मादीला नराजवळ नेणं म्हणजे दोघांनाही गमावणं.

मुख्य खाद्य: रातकिडे, डुबिया की मीलवर्म

खरी निवड या तिघांतच आहे. डुबिया हे एक झुरळ, मीलवर्म ही एका भुंग्याची अळी.

रातकिड्यांत साधारण 20 टक्के प्रथिनं आणि 6-7 टक्के चरबी असते. मांस धरायला आणि हाडं लांबवायला हे प्रमाण उत्तम. शिवाय ते उड्या मारतात, पळतात. मंद झालेली मादीसुद्धा डोकं खाली घालून, शेपटीचं टोक थरथरवत त्यांच्या मागे जाते. तो व्यायाम तिला हवाच असतो. त्रास सगळा माणसाला होतो. वास येतो, रात्रभर किरकिर चालते, डबा किंचित ओला राहिला तर निम्मे मरतात. 2010 च्या सुमारास अमेरिकेतल्या रातकिड्यांच्या मोठ्या शेतांवर विषाणूची साथ आली, आणि त्यानंतर नेहमीच्या घरगुती जातीऐवजी पट्टेदार जात बरीच विकली जाऊ लागली. ती जरा चपळ आहे, निसटते. एक पथ्य मात्र पाळायलाच हवं: न खाल्लेले रातकिडे रात्रभर पिंजऱ्यात सोडायचे नाहीत. उपाशी रातकिडा झोपलेल्या गेकोला चावतो, पापणी आणि बोटं कुरतडतो.

डुबिया झुरळं प्रथिनांच्या बाबतीत रातकिड्यांच्या तोडीची, चरबीही बेताची. पण त्यांच्या अंगात गर जास्त आणि कवच त्या मानानं मऊ. गुळगुळीत भिंतीवर त्यांना चढता येत नाही, आवाज नाही, वास जवळजवळ नाही, आणि घरी त्यांची पैदासही करता येते. फक्त 30 अंशांच्या आसपासची ऊब आणि धीर लागतो, कारण ती सावकाश वाढतात. झुरळ म्हटलं की घरातली मंडळी नाक मुरडणारच, ते समजू शकतं. पण स्वयंपाकघरात दिसणाऱ्या झुरळांशी यांचा काही संबंध नाही, थंड घरात ही सुटली तरी तग धरत नाहीत. दोन अडचणी खऱ्या आहेत. पहिली, पिंजऱ्यात सोडली की ती थेट मातीत किंवा चटईखाली दडतात. त्यामुळे चिमट्यानं द्यावी लागतात किंवा खोलगट भांड्यात ठेवावी लागतात. दुसरी, कॅनडात ती ठेवायला परवानगी नाही आणि फ्लोरिडा, हवाईमध्ये बरेच विक्रेते पाठवतच नाहीत. टोरांटोच्या वाचकांचा निर्णय इथेच झाला: रातकिडे.

मीलवर्मवर वाढलेल्या गेकोंच्या पिढ्याच्या पिढ्या अमेरिकेत आहेत, त्यामुळे मीलवर्म वाईट असं मी म्हणणार नाही. प्रथिनं 19 टक्क्यांच्या आसपास, चरबी मात्र 13, म्हणजे रातकिड्याच्या दुप्पट. फ्रिजमध्ये ठेवले की आठवडे टिकतात. स्वस्त आहेत, आवाज नाही, उडी नाही. भांड्यात टाकून कामावर निघून जाता येतं. अडचण कॅल्शियमची आहे. सगळ्याच किड्यांत फॉस्फरस जास्त आणि कॅल्शियम कमी असतं, पण रातकिड्यात ते प्रमाण सुमारे एकास सात आणि मीलवर्ममध्ये त्याहूनही बरंच वाईट. फ्रिजमधून काढून तसाच दिलेला मीलवर्म आतून रिकामा असतो. आदल्या दिवशी बाहेर काढून त्याला कोंडा, गाजर, लाल भोपळा आणि पालेभाजी खायला घालायची, मगच गेकोला द्यायचा. हा एक दिवस वाचवला तर मीलवर्मची सगळी स्वस्ताई महाग पडते.

एकच गेको असेल, नोकरी धावपळीची असेल, तर मीलवर्म मुख्य ठेवा आणि आठवड्यातून एकदा तरी रातकिडे द्या. दोन-चार माद्या असतील आणि विण दरवर्षी घ्यायची असेल तर डुबियाची स्वतःची पेटी लावा. विणीच्या मादीसाठी मी स्वतः डुबिया निवडीन आणि मधूनमधून रातकिडे देईन, केवळ तिनं पळावं म्हणून.

झटपट वजन वाढवणारे

सुपरवर्ममध्ये (ही मीलवर्मसारखीच, पण बरीच मोठी अळी) चरबी 17-18 टक्के, वॅक्सवर्ममध्ये 25 च्या घरात. वॅक्सवर्मचं प्रथिन तर 14 टक्क्यांवरच थांबतं. महिनाभर रोज वॅक्सवर्म घातले की काटा नक्की वर सरकतो, आणि सरकलेलं सगळं शेपटीत अन् काखेत जमतं. त्याहून मोठा त्रास म्हणजे चव लागते. वॅक्सवर्मला चटावलेली मादी रातकिड्याकडे बघून मान फिरवते, आणि मग तिला वळणावर आणायला आठवडे लागतात. ते नेमके तेव्हा लागतात, जेव्हा तिला नीट खाण्याची सर्वांत जास्त गरज असते. नुकत्याच जन्मलेल्या गुलाबी उंदराचंही तसंच. पूर्वी लोक अंडी दिल्यावर तो सर्रास भरवत. मला त्याची गरज कधीच पटली नाही.

सुपरवर्मला मी पूर्ण नाही म्हणत नाही. मोठ्या, धडधाकट मादीला आठवड्यात एखाद-दोन चालतात. त्यांचा जबडा कडक असतो, म्हणून डोकं चिमट्यानं दाबून द्यावेत. आणि ते फ्रिजमध्ये ठेवू नयेत, मरतात.

ब्लॅक सोल्जर माशीच्या अळ्यांची गोष्ट वेगळी. या यादीत हा एकच किडा असा की ज्यात कॅल्शियम फॉस्फरसपेक्षा जास्त आहे, साधारण अडीचास एक. पण चरबी 14 टक्क्यांच्या आसपास आणि साल चिवट. न चावता गिळली तर तशीच बाहेर पडते. जोडखाद्य म्हणून छान. रेशीम अळी याच्या दुसऱ्या टोकाला: 80 टक्क्यांहून जास्त पाणी, चरबी नावापुरती. वजन तिनं वाढणार नाही, पण कात टाकून कोरडी पडलेल्या किंवा नुकतीच अंडी दिलेल्या मादीला ती सहज पचते.

भुकटी आणि ऊब

कुठलाही किडा निवडा, कॅल्शियमची भुकटी सुटत नाही. उभ्या पेल्यात किडे टाकून चिमूटभर भुकटी घाला आणि पेला फिरवा. किडा पिठात घोळवल्यासारखा पांढरा दिसला पाहिजे. पिंजऱ्यात साध्या (ड-3 जीवनसत्त्व नसलेल्या) कॅल्शियमची छोटी वाटी कायम ठेवा, विणीची मादी ती स्वतःहून चाटते. मंद अतिनील दिवा असेल तर ड-3 असलेली भुकटी क्वचित पुरते, नसेल तर ती नेमानं द्यावी लागते, मात्र डब्यावरच्या प्रमाणातच. रोज ड-3 ओतणंही घातक आहे. जीवनसत्त्वांच्या भुकटीत ‘अ’ जीवनसत्त्व थेट वापरता येणाऱ्या रेटिनॉलच्या रूपात आहे ना, ते वाचून घ्या.

आणि ऊब. उबदार कोपऱ्यातल्या जमिनीचं तापमान 32 ते 34 अंश नसेल तर वरचे सगळे आकडे विसरा. पोटाखाली ऊब नसलेल्या गेकोला उत्तम डुबियासुद्धा पचत नाही. थर्मोस्टॅटशिवाय हीट मॅट लावू नका.

वेगाची निवड

एक रस्ता असा: जानेवारीत नर आणायचाय, म्हणून नोव्हेंबर-डिसेंबरात रोज पोटभर खाऊ घालायचं. दुसरा असा: उन्हाळ्यापासूनच दर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बेताचं खाद्य, दर आठवड्याला वजन, आणि महिन्याकाठी दोन-तीन ग्रॅमची वाढ. पहिल्यात आकडा मिळतो. दुसऱ्यात हाडं आणि मांस मिळतं, आणि मधल्या काळात काही बिघडत असेल तर वहीत दिसतं. मी निःसंशय दुसरा निवडेन. त्यात या हंगामाची विण हुकत असेल तर हुकू द्या. मादी पंधरा-वीस वर्षं जगू शकते, तिला एक वर्ष थांबवल्यानं तिचं काही जात नाही.

किडा केवढा घ्यायचा, तर तिच्या दोन डोळ्यांमधल्या अंतराएवढा, त्याहून मोठा नाही. एका वेळी पाच ते आठ पुरतात. वजनाला स्वयंपाकाचा डिजिटल काटा, वर झाकणाचा प्लास्टिकचा डबा; दर आठवड्याला त्याच वारी, खाण्याच्या आधी. खाल्ल्यावर किंवा शी करण्याआधी घेतलेलं वजन तीन-चार ग्रॅमनी फसवतं.

तिची स्वतःची स्त्रीबीजं पक्व होण्याच्या सुमारास बऱ्याच माद्या आठवडा-दोन आठवडे खाणं सोडतात. तेव्हा घाबरून वॅक्सवर्म आणू नका. मादीला उचलून पोटाकडून उजेडात बघा. कातडीतून दोन्ही बाजूंना फिकट गोलसर आकार दिसले तर कारण कळलं. अंडी पडली की तिचं पोट एकदम सैल होतं. त्याच संध्याकाळी पाणी, दुसऱ्या दिवशी रेशीम अळी किंवा कोवळं डुबिया, भरपूर कॅल्शियमसकट. एखादा वॅक्सवर्म द्यायचाच असेल तर तो इथे, मोजून एक-दोन. दोन विणींच्या मध्ये वजन 45 च्या खाली गेलं आणि आठवड्यात परत चढलं नाही, तर नर वर्षभरासाठी बाजूला ठेवा आणि तिला रोज खायला द्या. ती नराच्या साठवलेल्या बीजावर अजून अंडी देईल हे धरूनच खाद्याचा साठा करा.

नराचंही वजन बघत राहा. हंगामात तो मादीच्या वासानं खाणं विसरतो, काचेवर येरझाऱ्या घालतो, आणि दोन महिन्यांत त्याची शेपटी उतरते. त्याला मादीसोबत कायम ठेवू नका. काही दिवस सोडा, मग स्वतंत्र पिंजऱ्यात नेऊन चिमट्यानं डुबिया द्या.