जपानची वापरलेली स्पोर्ट्स कार मागवायची की इथलीच नंबरवाली घ्यायची? नागपूरकराचा हिशोब

गेल्या दिवाळीत भाचा फराळाचं ताट बाजूला सारून मोबाईल घेऊन माझ्याजवळ येऊन बसला. स्क्रीनवर जपानमधली निळी निसान स्कायलाइन आर३४, मागच्या बंपरला एक छोटी चीर, बाकी गाडी चकाचक. "मामा, पंचवीस वर्षं झाली की इम्पोर्ट करता येते, हिची झाली." त्याच्या डोळ्यातली ती चमक मला ओळखीची आहे, कारण माझ्या डोळ्यात ती अजूनही आहे, म्हणूनच त्याला खोटी आशा लावणं जमलं नाही. पंचवीस वर्षांचा नियम अमेरिकेचा आहे. आपल्याकडे बरोबर उलटं आहे.

भारतात वापरलेली गाडी आणायची तर ती बनल्याच्या तारखेपासून तीन वर्षांपेक्षा जुनी नको. रजिस्ट्रेशनच्या तारखेपासून नाही, बनल्याच्या तारखेपासून, हे नीट वाचा, कारण इथेच लोक फसतात. स्टिअरिंग उजवीकडे हवं, स्पीडोमीटर किलोमीटरमध्ये हवं, हेडलाइटचा झोत डावीकडून चालणाऱ्या ट्रॅफिकला साजेसा हवा, या तिन्ही गोष्टी जपानच्या गाडीत तशाच असतात म्हणून तर आपला जीव तिकडे जातो. पण तीन वर्षांची अट लावली की आर३४ गेली, जुनी सुप्रा गेली, आरएक्स-७ गेली, एस१५ सिल्व्हिया गेली, या सगळ्या २००२ च्या आसपास बंद झालेल्या गाड्या. म्हणजे इंटरनेटवर आपण ज्यांच्यासाठी रात्री जागतो त्यातली एकही सरळ मार्गाने आणून एमएच-३१ नंबर लावता येत नाही.

मग उरतं काय? आत्ता चालू असलेली किंवा नुकतीच बनलेली गाडी. तोयोटा जीआर८६, जीआर यारिस, निसानची नवी झेड, होंडा सिव्हिक टाईप आर, माझदा एमएक्स-५. वाईट गाड्या नाहीत हो या, जीआर८६ मध्ये २.४ लिटरचं बॉक्सर इंजिन, मागच्या चाकांना ताकद, सहा गिअर मॅन्युअल, अशी गाडी आपल्या कुठल्याच शोरूममध्ये मिळत नाही. तर मग खरी निवड अशी आहे, एकीकडे यातली दोन-अडीच वर्षं वापरलेली गाडी जपानमधून आणणं, दुसरीकडे भारतात कंपनीने स्वतः विकलेली जपानी स्पोर्ट्स कार सेकंडहँड घेणं, म्हणजे निसान ३७०झेड, मित्सुबिशीची लॅन्सर इव्हो एक्स, किंवा खिसा फारच मोठा असेल तर निसानचीच जीटी-आर, जी इथे डिसेंबर २०१६ मध्ये १.९९ कोटींना आली होती.

पैशाचं आधी बोलू. समजा गाडी, जहाजभाडं आणि इन्शुरन्स धरून मुंबई बंदरापर्यंतची किंमत २० लाख पडली. वापरलेल्या गाडीवर बेसिक कस्टम ड्यूटी ७० टक्के आणि त्यावर कृषी सेस ६७.५ टक्के, मिळून १३७.५. (२०२५ च्या बजेटमध्ये १२५ चे ७० झाले तेव्हा आमच्या ग्रुपवर लोकांनी पेढ्यांचे फोटो टाकले होते, पण तो सेस लागल्यामुळे एकूण बेरीज होती तिथेच राहिली.) म्हणजे २७.५ लाख वाढले, झाले ४७.५. आता या सगळ्यावर ४० टक्के आयजीएसटी, म्हणजे आयातीवरचा जीएसटी, आणखी १९ लाख. झाले ६६.५ लाख. मग नागपूरच्या आरटीओत आलात की महाराष्ट्रात इम्पोर्टेड गाडीला रोड टॅक्स सरळ २० टक्के, आणि तो ड्यूटीसकट किमतीवर, म्हणजे १३.३ लाख. बेरीज ७९.८. वीसचे ऐंशी! आणि यात टेस्टिंग नाही, क्लिअरिंग एजंट नाही, ट्रेलरचं भाडं नाही, इन्शुरन्स नाही. वर कस्टमवाले तुमचं लिलावाचं बिल मान्य करतीलच असं नाही, स्वस्तात मिळाली म्हणून तुम्ही खूश असता आणि ते नव्या गाडीची किंमत धरून त्यातून घसारा वजा करून स्वतःची किंमत काढतात. त्यामुळे हिशोब नेहमी त्यांच्या आकड्यावर करा, आपल्या बिलावर नाही.

कोणी म्हणेल छोटी गाडी आणू, जीएसटी कमी लागेल. लागतो कमी, १८ टक्के, पण पेट्रोल इंजिन १२०० सीसीच्या आत आणि लांबी चार मीटरच्या आत, दोन्ही पाहिजे. जीआर यारिस ३९९५ मिलिमीटर आहे म्हणून भाचा उड्या मारायला लागला होता, पण इंजिन १६१८ सीसी, झालं, ४० टक्क्यांत. ६६० सीसीची दायहात्सू कोपेन मात्र बसते, आणि मला ती मनापासून आवडते, पण समृद्धीवर १२० ने ट्रकच्या बाजूने जाताना ती केवढीशी वाटेल याचा विचार करून ठेवा.

आता प्रोसेस. अजनीला कंटेनर डेपो आहे, मिहानचं मालवाहतूक केंद्र आहे, मग गाडी थेट नागपूरला का नाही उतरवायची, हा प्रश्न मला निदान पाच जणांनी विचारलाय. वापरलेली गाडी फक्त मुंबईच्या बंदरातून येते, नियमच तसा आहे. जपानमधून निघण्याआधी तपासणीचं सर्टिफिकेट लागतं, इथे आल्यावर पुण्याची एआरएआय किंवा अहिल्यानगरची व्हीआरडीई अशा मान्यताप्राप्त संस्थेकडून टेस्टिंग, आयात केल्यापासून पुढची पाच वर्षं गाडी रस्त्यावर चालायला फिट राहील आणि तिची सर्व्हिसिंग इथे होईल असं लिहून द्यावं लागतं, केंद्रीय मोटार वाहन नियमातल्या १२६ नंबरच्या नियमाप्रमाणे मान्यता. आपली गाडी बीएस६ या इथल्या प्रदूषणाच्या नियमात बसते हे कागदावर सिद्ध करायची जबाबदारी आपली, जपानचं प्रदूषण सर्टिफिकेट दाखवून भागत नाही. मोठ्या कंपन्यांना हे सोपं जातं, त्या एकाच मॉडेलच्या शेकडो गाड्या आणतात. आपल्या एका गाडीसाठी तेवढीच फाईल, तेवढेच हेलपाटे, आणि तोवर बंदरात गाडी उभी असेल तर रोजचं भाडं चालू. नंबर नसल्यामुळे चालवत आणता येत नाही, म्हणजे मुंबई ते नागपूर समृद्धीचे ७०१ किलोमीटर ती ट्रेलरच्या पाठीवर बसून येणार आणि तुम्ही मागे बोलेरोत.

जपानच्या लिलावाची एक गोष्ट मात्र मनापासून सांगतो, तिकडचा कागद फार प्रामाणिक असतो. ऑक्शन शीट म्हणतात त्याला, एका पानावर गाडीचं वरून काढलेलं चित्र आणि त्यावर अक्षरं. ए१ म्हणजे छोटा ओरखडा, यू म्हणजे डेंट, डब्ल्यू म्हणजे तिथे पत्रा ठोकून रंग दिलाय, एक्सएक्स म्हणजे तो भागच बदललाय. वर ग्रेड, ४.५ असेल तर छान, आर किंवा आरए दिसलं तर ती ठोकलेली आणि दुरुस्त केलेली, कितीही चमकत असली तरी सोडा. आपल्याकडे "सर एकदम शोरूम कंडिशन" एवढंच वर्णन असतं, त्यापुढे हे पान हातात घेतलं की बरं वाटतं. फक्त एक लक्षात ठेवा, जपानच्या देशी गाड्यांना आपल्यासारखा सतरा अक्षरांचा चेसिस नंबर नसतो, जीआर८६ ला झेडएन८ आणि पुढे आकडे, त्यावरून बनल्याचा महिना कळत नाही. तीन वर्षांची अट ज्या तारखेवर उभी आहे ती तारीख कंपनीच्या नोंदीतून लेखी मागवा, आणि पैसे पाठवायच्या आधी मागवा. जहाज, बंदर आणि सुट्ट्या धरून हातात निदान सहा महिने शिल्लक असतील तरच बोली लावा.

दुसऱ्या बाजूला इथली ३७०झेड. २०१० च्या आसपास निसानने स्वतः इथे विकायला सुरुवात केलेली, ३.७ लिटर व्ही६, टर्बो नाही, इंजिन भक्कम. ड्यूटी पहिल्या मालकाने भरली, टॅक्स त्याने भरला, मान्यता कंपनीने घेतली. तुमच्या वाट्याला ट्रान्सफर. त्यातही एमएच नंबरची बघा, मुंबई-पुण्याची, म्हणजे रोड टॅक्स पुन्हा भरायचा प्रश्न नाही. दुसऱ्या राज्याची असेल तर एनओसी, फॉर्म २८, मग इथला टॅक्स, आणि तिकडच्या टॅक्सचा परतावा मागत बसा. वाईट बाजूही सांगतो, सुरुवातीच्या गाड्यांची १५ वर्षं भरत आली किंवा भरली, म्हणजे पुनर्नोंदणी, फिटनेस, पर्यावरण कर, आणि इम्पोर्टेड गाडीला पुनर्नोंदणीची फी साध्या गाडीपेक्षा कितीतरी जास्त. रबरचे बुश, क्लच, रेडिएटरचे होस वयाने गेलेले असणार, ते धरूनच भाव करा.

आणि मग तिसरा रस्ता, ज्याच्यासाठी मी हे सगळं लिहायला बसलो. स्वस्तात "क्लिअर आरसी" असलेली जपानी कूपे, म्हणजे दोन दारांची स्पोर्ट्स कार. दोन वर्षांपूर्वी मी एक बघायला दुसऱ्या राज्यात गेलो होतो, एका एजंटकडे, भाव इतका कमी की रात्री झोप नव्हती आली. बोनेट उघडलं, फायरवॉलवर, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यावर, टॉर्च मारला. चेसिस नंबरातला तीनचा आकडा बाकीच्यांपेक्षा केसभर वर होता आणि त्याच्याभोवती रंगाची जाडी वेगळी, नख फिरवलं तर कड लागत होती. आरसीवर मॉडेल दुसऱ्याच गाडीचं. तो म्हणत राहिला, सर आरटीओत पास झालीय, मी म्हटलं भाऊ, बिल ऑफ एन्ट्री (आयातीचा कस्टमचा कागद) दाखवा, तर म्हणे ते पहिल्या मालकाकडे. मी चहाचा कप तसाच ठेवून निघालो. ट्रेनमध्ये सेवाग्राम येईपर्यंत मन लागत नव्हतं, एवढी सुंदर गाडी होती राजेहो.

पण विचार करा, सप्टेंबर २०२५ मध्ये केरळात कस्टमने 'ऑपरेशन नुमखोर' केलं, भूतानमार्गे आणून इथे नंबर लावलेल्या गाड्या लोकांच्या घरून उचलल्या. कस्टमच्या कायद्यात गाडी जप्त होते ती गाडीच्या चुकीमुळे, तुम्ही चांगल्या मनाने पूर्ण पैसे मोजून घेतली म्हणून ती सुटत नाही. म्हणून खाजगी इम्पोर्ट झालेली कुठलीही गाडी घेताना बिल ऑफ एन्ट्रीचा नंबर कस्टमच्या आईसगेट साईटवर टाकून बघा, तारीख आणि बंदर जुळवा, कागदावरचा चेसिस नंबर गाडीशी जुळवा. कंपनीने विकलेली असेल तर पहिलं इन्व्हॉइस आणि फॉर्म २२, म्हणजे गाडी नियमांत बसते असं कंपनीचं सर्टिफिकेट, मागा. देत नसेल तर घरी या.

बाकीचे मार्ग थोडक्यात. कार्नेवर, म्हणजे तात्पुरत्या आयातीच्या परवान्यावर, परदेशी नंबरची गाडी येते, पण ती परत न्यावी लागते, नोंदणी होत नाही. परदेशात सलग दोन वर्षं राहून कायमचे परत येत असाल आणि गाडी निदान एक वर्ष तुमच्या ताब्यात असेल तर काही अटींतून सवलत आहे, ड्यूटीतून नाही, म्हणून तुमचा भाऊ टोकियोत नोकरीला असेल तर त्याला आत्ताच हे सांगून ठेवा. आणि ५० वर्षांच्या वरची व्हिंटेज असेल तर २०२१ पासून वेगळी नोंदणी आहे, व्हीए सिरीज, फी २० हजार, दहा वर्षांसाठी, रोजच्या वापराला मनाई.

नागपुरात ठेवायची म्हणून दोन गोष्टी जास्त बघा. पेट्रोल आणि ऊन. जपानमध्ये या गाड्या १०० ऑक्टेनवर चालतात, आपल्या पंपावरचं नेहमीचं पेट्रोल त्यापेक्षा कमी ऑक्टेनचं, आणि त्यात आता २० टक्के इथेनॉल. इंडियन ऑइलचं १०० ऑक्टेनचं एक्सपी१०० पेट्रोल डिसेंबर २०२० मध्ये आलं तेव्हा पहिल्या दहा शहरांत मुंबई-पुणे होतं, आपलं नाव नव्हतं. इथली ३७०झेड निदान भारतासाठी म्हणून विकलेली आहे, जीआर८६ तशी नाही. आणि मे महिन्यात ४५ डिग्रीत बर्डीच्या ट्रॅफिकमध्ये टर्बो गाडीचा काटा कसा चढतो ते एकदा बघाल तर गाडी सकाळी सहालाच काढाल. जीआर८६ चा ग्राउंड क्लिअरन्स १३० मिलिमीटर, तुमच्या कॉलनीच्या तोंडावरचा स्पीडब्रेकर टेप घेऊन मोजून या, खरंच मोजून या. पार्टचं म्हणाल तर दोन्हीला बाहेरूनच मागवावे लागतील, पण ३७०झेडवर हात बसलेले मेकॅनिक मुंबई-पुण्यात सापडतात, जीआर८६ चं इंजिन सुबारूचं आणि सुबारूने स्वतःच्या नावाने इथे कधी गाडी विकलीच नाही.

म्हणून माझं मत, ज्याला नेमकी तीच गाडी हवी, दहा-बारा वर्षं विकायची नाही, ऐंशी लाख अडकले तरी घरात कोणाचं काही अडणार नाही आणि मुंबई-पुण्याच्या चकरा मारायला वेळ आहे, त्याने जपानची आणावी, त्याला मी अडवणार नाही, उलट ट्रेलर उतरवायला हजर राहीन. बाकी सगळ्यांनी इथली घ्यावी. आणि जपानीच पाहिजे असा हट्ट नसेल तर २०२५ मध्ये फोक्सवॅगनने गोल्फ जीटीआय ५३ लाखांच्या आसपास (रोड टॅक्स सोडून) आणली, नवीन, वॉरंटीसकट, तो आकडा वरच्या ऐंशीशेजारी ठेवून बघा.

भाच्याने आठवडाभर तोंड पाडलं, मग एक दिवस त्याचाच फोन आला, मामा, पुण्यात एक सिल्व्हर ३७०झेड आहे, एमएच-१२, दुसरा मालक. मी आधी इन्व्हॉइस आणि फॉर्म २२ मागवायला लावलं, दोन्ही आले, चेसिस नंबर आरसीशी जुळला. शनिवारी जातोय आम्ही दोघं, टॉर्च आणि लोहचुंबक मी घेतलंय, टेप त्याने.